इंग्रजी की आइसलँडिक? रेक्याविकच्या रॅपमधल्या एका निर्णयाचा अभ्यास

प्रकरण थोडक्यात

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये रॅप करणाऱ्या पोरांना एक गोष्ट ठरवायची होती: शब्द कुठल्या भाषेत लिहायचे? १९९६ साली याचं उत्तर जवळजवळ सगळ्यांकडून ‘इंग्रजी’ असं येत होतं. २००३ पर्यंत ते उलटलं. मधल्या सात वर्षांत काय घडलं, कुठे अडलं आणि ती अडचण कशी सुटली, ते इथे मांडलं आहे. ज्यांचे अल्बम किंवा स्पर्धेतलं यश जगजाहीर आहे, त्यांचीच नावं दिली आहेत. बाकी गट आणि माणसं निनावी ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

२००० साली आइसलँडची लोकसंख्या सुमारे २.८ लाख होती. महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम शहरातही याहून जास्त माणसं राहतात. एवढ्या बाजारपेठेत फक्त देशी भाषेत गाऊन पोट भरणं अवघड, हा हिशेब तिथल्या प्रत्येक बँडला करावा लागतो.

रॉक संगीताने हा हिशेब आधी करून पाहिला होता. १९८०च्या आसपास पंकची लाट आली आणि तिने आइसलँडिकमध्ये ओरडून गाण्याची सवय लावली. त्याच लाटेतून पुढे आलेल्या शुगरक्यूब्स या बँडने १९८८ मध्ये इंग्रजी अल्बम काढला आणि बाहेरचं जग उघडलं. १९९३ मध्ये त्या बँडची गायिका ब्योर्क हिचा एकल अल्बम आला, तोही इंग्रजीतच. त्यामुळे ‘बाहेर जायचं तर इंग्रजी’ हे नव्वदीच्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

रॅप तर अमेरिकेतूनच आलेला. कॅसेट, रेडिओवरचे हिप हॉपचे कार्यक्रम, स्केटबोर्डवाल्यांची टोळकी, हाच त्याचा मार्ग. ऐकलेलं सगळं इंग्रजी, म्हणून लिहिलेलंही इंग्रजी. क्वाराशी या गटाने १९९६ मध्ये पहिली छोटी रेकॉर्ड ५०० प्रतींत काढली. १९९७ मध्ये सबटरेनियन या गटाचा अल्बम आला. दोन्हीकडे इंग्रजीच होती. पुढे क्वाराशीला अमेरिकेतल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला आणि २००२ मध्ये ‘जिंक्स’ हा अल्बम तिथे प्रसिद्ध झाला. इंग्रजीची निवड मूर्खपणाची नव्हती, हे आधीच नोंदवलेलं बरं. तिने जे द्यायचं कबूल केलं होतं, ते दिलं.

अडचण नेमकी कुठे होती

‘आइसलँडिकमध्ये रॅप बसत नाही’ ही त्या काळची सर्रास तक्रार. ती आळशीपणाची वाटते, पण तिच्यात तांत्रिक तथ्य होतं.

सोळा ओळींचं एक कडवं घ्या. ठेका मिनिटाला ९० ठोक्यांचा धरला, तर चार ठोक्यांची एक ओळ सुमारे २.७ सेकंदांत संपते आणि अख्खं कडवं साधारण ४३ सेकंदांत. प्रत्येक ओळीत सोळा बारीक घरं असतात. त्यांपैकी दहा ते चौदा घरांत अक्षरं बसतात, उरलेल्यांत श्वास आणि विराम. कुठल्या घरात आघात असलेलं अक्षर येतं, यावर सगळा झोक ठरतो.

आइसलँडिक शब्दात आघात नेहमी पहिल्या अक्षरावर येतो. इंग्रजीत शब्दाआधी हलकी उपपदं येतात, म्हणून वाक्य खालून वर चढतं आणि ठोक्यावर आदळतं. आइसलँडिकमध्ये निश्चित उपपद शब्दाच्या शेपटीला चिकटतं. ‘मादुर’ म्हणजे माणूस आणि ‘मादुरिन’ म्हणजे तो ठरावीक माणूस: तीन अक्षरं, आघात पहिल्यावर, मग दोन पायऱ्या खाली. त्यामुळे आइसलँडिक वाक्य वरून खाली उतरत जातं. अमेरिकन गाण्याची चाल जशीच्या तशी उचलून त्यात हे शब्द कोंबले की आघात दुसऱ्या अक्षरावर सरकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी परदेशी माणूस कागदावरून वाचतोय. सुरुवातीच्या अनेक प्रयत्नांवर लोक हसले ते यामुळे.

दुसरा घोळ यमकाचा. भाषेत चार विभक्ती आहेत आणि प्रत्यय ठरलेले. तृतीया-चतुर्थीचं काम करणाऱ्या विभक्तीत अनेकवचन जवळजवळ कायम ‘-उम’ने संपतं, क्रियापदाचं मूळ रूप बहुधा ‘-आ’ने. म्हणजे यमक फुकट मिळतं, आणि फुकटचं यमक कानाला भिकार लागतं. मराठीत ‘-ला’ला ‘-ला’ आणि ‘-ने’ला ‘-ने’ जुळवून कविता केली की जे होतं, तेच. यमक खरं ठरायचं तर ते आघाताच्या स्वरापासून शेवटापर्यंत जुळायला हवं: ‘फारा’ (जाणे), ‘बारा’ (फक्त), ‘स्वारा’ (उत्तर देणे), ‘स्पारा’ (वाचवणे).

त्यात विभक्ती ऐन वेळी दगा देते. ‘सागा’ म्हणजे गोष्ट. ‘द्रागा’ (ओढणे) आणि ‘लागा’ (दुरुस्त करणे) यांच्याशी ते मस्त जुळतं. पण ‘गोष्ट सांगणे’ असं म्हणायचं झालं की शब्द कर्म होतो आणि त्याचं ‘सॉगू’ होतं. शेवटचं अक्षरच काय, आतला स्वरही बदलतो. यमक गेलं. नवशिक्या इथे एक तर व्याकरण मोडतो, नाही तर यमक सोडतो.

तिसरी अडचण कानाची नव्हती, ती होती रुबाबाची. शाळेत शिकवलेली आइसलँडिक ही जपलेली भाषा. नव्या वस्तूंना जुन्या धातूंपासून शब्द घडवायचे, परके शब्द बाहेर ठेवायचे, हे तिथलं जाहीर धोरण. १९९६ पासून १६ नोव्हेंबर हा भाषादिन म्हणून पाळला जातो. त्या शुद्ध भाषेत उपनगरातल्या पार्टीबद्दल लिहिलं की ते निबंधासारखं वाटायचं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: इंग्रजीतच राहायचं. फायदा वर आलाच. तोटा असा की इंग्रजी ही सगळ्यांना येणारी, पण रस्त्यावर कुणी न बोलणारी भाषा होती. अमेरिकेतल्या गल्लीतली बोली चित्रपटांतून शिकून तीच परत अमेरिकेला विकायची, हा सौदा फार काळ टिकणारा नव्हता. शिवाय समोरच्या गटाला टोमणा मारायचा, तर तो ऐकणाऱ्याला लगेच बोचला पाहिजे. परक्या भाषेतला टोमणा सभागृहात पोचेपर्यंत थंड होतो.

दुसरा पर्याय: अमेरिकन चालीवर आइसलँडिक शब्द. हाच सगळ्यांनी आधी करून पाहिला आणि आघाताच्या घोळात तो फसला.

तिसरा पर्याय सगळ्यात आदरणीय: जुन्या रीमुरचा आधार घ्यायचा. रीमुर ही चौदाव्या शतकापासून चालत आलेली कथाकाव्यं, एकट्याने हेल काढून म्हणायची. त्यांच्या सर्वांत परिचित छंदात चार ओळी असतात. पहिली-तिसरी चार आघातांची, दुसरी-चौथी तीन आघातांची, यमक एकाआड एक. शिवाय अनुप्रासाचा पक्का नियम: विषम ओळीत दोन आघातांवर एकच व्यंजन आणि पुढच्या सम ओळीच्या पहिल्या आघातावर पुन्हा तेच. कोणताही स्वर कोणत्याही स्वराशी जुळलेला चालतो, पण ‘स्क’ फक्त ‘स्क’शी आणि ‘स्त’ फक्त ‘स्त’शी. रेक्याविकमध्ये १९२९ पासून ही परंपरा जपणारी मंडळी संघटित आहेत, त्यामुळे शिकायला माणसंही उपलब्ध होती.

पण सोळा ओळींत हा नियम काटेकोर पाळला की दोन गोष्टी होतात. दर दोन ओळींतले तीन आघात अनुप्रासाने अडवले जातात, म्हणून यमकासाठी शब्द निवडायला जागाच उरत नाही. आणि आघातांचं अंतर इतकं सारखं पडतं की ठेक्याच्या मागेपुढे खेळता येत नाही. ठेक्याशी लपाछपी ही तर रॅपची जान.

चौथा पर्याय: बोलतो तशीच आइसलँडिक, परक्या शब्दांसकट, आणि चाल भाषेच्या आघातावरून नव्याने बांधायची. याला ना मान होता, ना नमुना.

सिगुर रोस या आइसलँडिक बँडचं उदाहरणही त्या काळी दिलं जाई: १९९९ चा अल्बम आइसलँडिकमध्ये आणि तरी जगभर गाजला. रॅपसाठी ते गैरलागू होतं. तिथे आवाज हे वाद्य आहे, शब्द कळले नाहीत तरी काम भागतं. रॅपमध्ये शब्द वजा केले की उरतो नुसता ठेका.

काय केलं गेलं

चौथा पर्याय उचलला तो उपनगरांनी. ‘११० रॉटवायलर हुंडार’ या गटाच्या नावातला आकडा म्हणजे शहराच्या पूर्व टोकाच्या आऊर्बायर भागाचा पिन कोड. या गटाने २००० साली ‘मूसिकतिलरॉयनिर’ ही नवोदित बँडची स्पर्धा आइसलँडिक रॅप करून जिंकली. ही स्पर्धा १९८२ पासून चालू आहे आणि तिथून वर आलेले बहुतेक गट गिटारवाले. तिथे रॅपने बाजी मारणं हा या प्रकरणातला वळणबिंदू. पुढे नावातल्या ११० च्या जागी तीन ‘एक्स’ आले आणि २००१ मध्ये गटाच्याच नावाचा अल्बम निघाला. त्याच वर्षी ‘सेसार आ’ या नावाने रॅप करणाऱ्या एइयोल्वुर एइविन्दार्सोनचा अल्बम आला. संपूर्ण आइसलँडिकमधला पहिला रॅप अल्बम म्हणून सहसा त्याचाच उल्लेख होतो. रॉटवायलरमधला एर्पुर हा त्याचा सख्खा भाऊ. दोन लाख ऐंशी हजारांच्या देशात चळवळी अशाच घरातल्या घरात सुरू होतात.

तंत्राच्या बाजूने जे बदललं ते असं. ओळीची सुरुवात ठोक्यावर किंवा ठोक्यानंतर होऊ लागली. आधी हलकी अक्षरं हवीच असली तर ‘ओग’ (आणि), ‘एन’ (पण) असले एकाक्षरी शब्द तिथे सरकवायचे, नामाला हात लावायचा नाही. ओळीचा शेवट एका अक्षरावर न करता दोन-तीन अक्षरांच्या उतरत्या शब्दावर करायचा. आघात चौथ्या ठोक्यावर, शेपटी त्याच्या मागे. यमक त्यामुळे आपोआप दोन-तीन अक्षरांचं होतं, आणि इंग्रजीत जे कसब दाखवायला घाम गाळावा लागतो ते इथे भाषेच्या घडणीतूनच मिळतं.

‘सागा–सॉगू’ची गाठ सोडवायची रीतही सापडली. विभक्तीमुळे वाक्यातल्या शब्दांची जागा बऱ्यापैकी मोकळी आहे. म्हणून ‘मी गोष्ट सांगतो’ असं न लिहिता गोष्टीलाच कर्ता करायचं. तीच माझ्यामागे येते, तीच दारात उभी राहते. शब्द प्रथमेत राहतो, यमक वाचतं, आणि प्रतिमा बहुतेक वेळा जास्त चांगली निघते. सरावलेले लोक कडवं उलटं लिहितात. आधी शेवटच्या शब्दांची जोडी, मग तिला लागणारी विभक्ती, मग ती विभक्ती मागणारं क्रियापद किंवा शब्दयोगी, आणि सगळ्यात शेवटी ओळीचा पुढचा भाग. सरळ क्रमाने लिहिलं की चौथ्या-पाचव्या ओळीला गाडी अडतेच.

परक्या शब्दांचं काय? ते आत घेतले, पण प्रत्यय लावून. ‘फीला’ (आवडणे) हे इंग्रजी ‘फील’वरून आलेलं क्रियापद बोलीत आधीच रुळलेलं होतं. ते आइसलँडिक क्रियापदासारखं चालतं आणि ‘बीला’शी (गाड्यांना) बिनतोड जुळतं. प्रत्यय न लावता टाकलेला इंग्रजी शब्द मात्र ओळीत ठिगळासारखा दिसतो, कारण त्याचा आघात आणि शेपूट दोन्ही बाजूच्या शब्दांशी जुळत नाहीत. भाषारक्षकांचा आक्षेप दोन्हींवर होता. कानाचा आक्षेप फक्त दुसऱ्यावर.

रीमुरचं काय झालं? रीमुर गाणारे आणि रॅपर एकत्र आले, २००२ च्या आसपास अशी ध्वनिमुद्रणंही निघाली. वर्तमानपत्रांना आणि परदेशी पाहुण्यांना ‘आठशे वर्षांची परंपरा आणि तरुणाई’ ही कथा फार आवडली. आठशे हा आकडा अर्थात ऐकायला बरा म्हणून. या परंपरेने रॅपला प्रतिष्ठा मिळवून दिली, शाळांचे दरवाजे उघडले. तंत्राचं श्रेय तिला देणं मात्र जरा जास्तच होतं. कडव्यात अनुप्रास येतो तो मधूनमधून, टोमण्याच्या ओळीला वजन द्यायला. नियम म्हणून कुणी पाळत नाही. वंशावळ बहुधा यश आल्यावर शोधली जाते, इथेही तसंच झालं.

परिणाम

२००२–०३ मध्ये आइसलँडिक रॅपचा पूर आला. राजधानीतून फरगॉटन लोअर्स, उत्तरेकडच्या आकुरेइरीहून स्कित्तुर्नार. राजधानीबाहेरचा गट येणं महत्त्वाचं, कारण त्यावरून बोली आणि गावाचा उल्लेख हेच चलन झाल्याचं दिसतं. क्वाराशीने इंग्रजी सोडली नाही आणि २००५ मध्ये गट थांबला. त्याला भाषा हे एकच कारण देणं चुकीचं ठरेल. पण त्यांच्या जागी इंग्रजीत रॅप करणारी तशी पिढी उभी राहिली नाही, हेही खरं.

मग काही वर्षं मंदी. पुन्हा उसळी आली ती २०१० नंतर, आणि तिला ठेक्याच्या बदलाने हातभार लावला. ट्रॅप शैलीत एका ठोक्याचे तीन समान तुकडे पाडून शब्द टाकतात. ‘मादुरिन’सारखी निश्चित नामं तीन अक्षरांची, आघात पहिल्यावर. ती या तीन तुकड्यांत बोट न लावता बसतात. दहा वर्षांपूर्वी जी घडण नडत होती, तीच आता फुकटची सोय झाली. एम्स्ये गॉइतीने २०११ मध्ये, तर गीस्ली पाउल्मीने २०१५ मध्ये पहिला अल्बम काढला. गॉइतीच्या नावातलं ‘एम्स्ये’ हे रॅपरसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एमसी’ या इंग्रजी आद्याक्षरांचं देशी स्पेलिंग. २०१७ मध्ये योईपे आणि क्रोली ही कोवळ्या पोरांची जोडी देशभर वाजत होती. तोवर ‘आइसलँडिकमध्ये बसतं का’ हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक भाषेबाहेरची. ‘बोलतो तसंच लिहू’ या सूत्रात बोलणारे कोण, हे कुणी तपासलं नाही. सुरुवातीच्या गटांत जवळजवळ सगळी मुलंच, आणि बायकांबद्दलची ओंगळ भाषा हा अस्सलपणाचा पुरावा मानला गेला. सबटरेनियनमध्ये इंग्रजीत रॅप करणारी स्त्री १९९७ मध्येच होती, म्हणजे नमुना समोर होता. आइसलँडिककडे वळताना तो मागे राहिला. बायकांच्या रॅपच्या खास संध्याकाळी भरू लागल्या आणि त्यांतून २०१३ मध्ये ‘रेक्याविकुरदायतुर’, म्हणजे रेक्याविकच्या लेकी, हा मोठा गट तयार झाला. मधली दहा-बारा वर्षं वाया गेली. नवोदितांच्या स्पर्धा आणि युवा केंद्रांतले वर्ग तेव्हाही होते. तिथे मुलींसाठी वेगळा मंच सुरुवातीपासून ठेवणं खर्चाचं काम नव्हतं. उशिराची किंमतही दिसली: २०१६ मध्ये या गटाचं सादरीकरण सरकारी दूरचित्रवाणीवर थेट चालू असताना स्टुडिओतली एक पाहुणी कलाकार उठून निघून गेली आणि देशभर वाद झाला. मुलांनी पंधरा वर्षं तसल्याच ओळी म्हटल्या होत्या.

दुसरी गोष्ट तंत्राची. रीमुरच्या नियमांकडे ‘सगळं किंवा काहीच नाही’ असं पाहिलं गेलं. स्वर कोणत्याही स्वराशी जुळतो ही सवलत रॅपरला खूप कामाची आहे, कारण ओळीची सुरुवात स्वराने केली की पुढच्या ओळीसाठी निवड कितीतरी पट वाढते. ती वेगळी काढून वर्गांत शिकवता आली असती. त्याऐवजी शिकवणारे अख्खा छंद शिकवत, आणि पोरं तो परीक्षेपुरता पाठ करून सोडून देत.

तिसरा मुद्दा अजून मिटलेला नाही. निर्यातीचा प्रश्न २००१ मध्ये बाजूला ठेवला गेला, सुटला नाही. रेक्याविकुरदायतुरने बाहेर जाताना नावाचं इंग्रजी रूप घेतलं, शब्दांत इंग्रजी वाढवली, आणि २०१९ मध्ये युरोपातल्या नवोदितांच्या संगीत पुरस्कारांत रॅपचा पुरस्कार मिळवला. २०२२ मध्ये हा गट युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेसाठीच्या देशी निवड स्पर्धेत उतरला. या निवड स्पर्धेच्या उपांत्य फेरीत तेव्हा गाणं आइसलँडिकमध्ये म्हणावं लागत होतं आणि अंतिम फेरीत बाहेर ज्या भाषेत म्हणणार त्या भाषेत. गटाने अंतिम फेरीत इंग्रजी निवडली आणि शेवटच्या दोघांत पोचून हरला. जिंकलेल्या तिघी बहिणींनी लोकगीताच्या वळणाचं गाणं आइसलँडिकमध्येच ठेवलं आणि इटलीतल्या तूरिनला झालेल्या युरोव्हिजनमध्येही तसंच म्हटलं.